विमान आलंच नाही

अंधारात खुणा दिसत नाहीत. म्हणून टॉकीजमधले दिवे मालवले की बाळू आपला डावा तळहात उताणा करून माझ्या पुढ्यात धरायचा आणि मी त्यावर बोटाने लिहायची. एकेक अक्षर. सुरुवातीला काना, मात्रा, वेलांटी सगळं लिहायची. मग दोघांच्याही लक्षात आलं की मात्रा देता देता पुढचा सीन निघून जातो. तेव्हापासून बोडकी अक्षरं. 'बाप मेला'चं 'बप मल', 'पूल पडला'चं 'पल पडल'. शाळेतल्या बाईंनी पाहिलं असतं तर छडी बसली असती, पण बाळूला सगळं समजायचं.

बाळू माझा धाकटा भाऊ, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. जन्मापासून ऐकू येत नाही. आजूबाजूचे अजूनही 'मुका' म्हणतात आणि तो शब्द त्याला लोकांच्या ओठांवर बरोबर ओळखू येतो. त्याचा त्याला राग आहे, कारण मुका तो अजिबात नाही. हाताने इतकं बोलतो की जेवताना ताट लांब सरकवावं लागतं. शिवणकाम करतो; नागपूरच्या महाल भागातल्या अर्ध्या बायकांचे ब्लाउज त्याच्या हातचे आहेत. मी पोस्टात. काउंटरवर दिवसभर लोकांशी बोलून घसा बसला की मला त्याच्या घरी जायला फार बरं वाटतं.

आम्ही दोघं मारधाडीचे आणि प्रलयाचे इंग्रजी सिनेमे पाहायचो, त्याचं कारण साधं होतं. त्यात बोलणं कमी. प्रेमाच्या सिनेमात दोन माणसं झाडाखाली बसून अर्धा तास बोलतात, कोर्टाच्या सिनेमात तर उभ्याने बोलतात, माझं बोट दुखून यायचं. इमारत पडली तर पडली. त्यात मी काय सांगणार? सदर भागातल्या लिबर्टी टॉकीजमध्ये असा एखादा लागला की रविवारी आम्ही हजर. भूकंप आला की बाळू तळहात काढून घ्यायचा आणि दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट ठेवायचा. आवाज त्याला तिथून पोचायचा, आणि पायाखालच्या फरशीतून. माझं लिहिणं तेवढा वेळ बंद.

तर '२०१२'. रोलँड एमरिकचा हा सिनेमा २००९च्या नोव्हेंबरात आला. पृथ्वीचं पोट तापतं, जमीन उलटीपालटी होते आणि शेवटी समुद्र हिमालयावर चढतो. आमच्या मागच्या रांगेत पोट्टे हिशेब करत होते, नागपूर समुद्रापासून किती उंच, तीनशे मीटर, म्हणजे बे आपण इंटरव्हलच्या आधीच गेलो. हे मी बाळूला लिहून दाखवलं तर तो इतका हसला की पुढच्या खुर्चीवरच्या बाईने वळून पाहिलं.

या गोष्टीची सुरुवात आपल्या देशातून होते. जगबुडी येणार हे सगळ्यांत आधी कळतं ते एका भारतीय शास्त्रज्ञाला, एका खोल तांब्याच्या खाणीत. (आपल्याकडची जवळची तांब्याची खाण म्हणजे बालाघाटचं मलाजखंड, ती तेव्हा उघडी खाण. सिनेमातली तर पाताळात जाते. असो.) या शास्त्रज्ञाचं नाव सतनाम त्सुरुतानी. सतनाम त्सुरुतानी! पंजाबी नावाला जपानी वाटणारं आडनाव चिकटवून त्यांनी आपला माणूस तयार केला. मनीऑर्डरवर हे नाव आलं असतं तर मी दोनदा पत्ता तपासला असता. काम जिमी मिस्त्रीने केलंय आणि चांगलं केलंय. तो आपल्या अमेरिकी मित्राला, एड्रियनला, सगळं दाखवतो. एड्रियन ते वर पोचवतो. मग मोठमोठे देश मिळून चीनच्या डोंगरात जहाजं बांधतात, त्यातली एकेक जागा शंभर कोटी युरोला विकतात आणि सतनामला सांगून ठेवतात की तुला आणि तुझ्या बायकोपोराला न्यायला विमान येईल.

विमान येत नाही. लाट दिसायला लागते. सतनाम मित्राला फोन करून निरोप घेतो. बायको आणि मुलगा शेजारी.

मी लिहिलं, 'वमन आल नह.'

बाळूने माझा हात ओढला, उलटा केला आणि माझ्या तळहातावर लिहिलं. तो तसं कधी करायचा नाही, लिहायचं काम माझं होतं. त्याने लिहिलं, 'कहन'. काहून? शाळेत त्याला 'का' शिकवलं होतं, हे 'काहून' माझ्या बोटातून त्याच्याकडे गेलेलं.

मला उत्तर सुचलं नाही. पुढे जहाजाची दारं बाहेरच्या लोकांसाठी उघडा म्हणून एड्रियन भाषण करतो, त्यात सतनामची आठवण काढतो, लोकांचे डोळे पाणावतात. ते मी लिहिलंच नाही.

परत येताना टपरीच्या ट्यूबलाइटखाली चहा घेतला. उजेड मिळाल्याबरोबर बाळू सुरू झाला. त्याचं म्हणणं असं की ज्याला सगळ्यांत आधी कळलं त्याला सगळ्यांत आधी न्यायला पाहिजे. मी म्हटलं, अरे सिनेमा आहे तो. तो म्हणाला, सिनेमा आहे म्हणूनच विचारतो. खरं असतं तर मी समजू शकतो, गडबडीत राहून गेलं असेल. पण हे तर कोणीतरी टेबलाशी बसून लिहिलं ना? चहा पीत पीत लिहिलं असेल. त्याने ठरवलं की विमान पाठवायचं नाही. काहून?

या प्रश्नावर मी पंधराहून जास्त वर्षं आहे.

सिनेमात कोणाला जागा मिळते या विषयावर लोक बोलतात तेव्हा चेहरे मोजतात. कोण गोरा, कोण काळा, बाई किती मिनिटं दिसली. मोजायलाच पाहिजे, मीही मोजते. १९९८च्या 'डीप इम्पॅक्ट'मध्ये मॉर्गन फ्रीमन अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, तेव्हा अमेरिकेत खराखुरा काळा अध्यक्ष यायला अजून दहा वर्षं होती. आणि तो सिनेमा मिमी लेडर या बाईने केलेला. '२०१२'मध्येही राष्ट्राध्यक्ष काळा, डॅनी ग्लोव्हर, आणि एड्रियनचं काम चुएटेल एजिओफोरचं. ड्वेन जॉन्सनचा बाप काळा, आई सामोअन, आणि आता भूकंप असो की जळता टॉवर, त्याच्याशिवाय कोणाला बोलावतच नाहीत. म्हणजे पडद्यावर रंग बदलला, हे खरंच. आणि १९९७च्या 'व्होल्केनो'चा शेवट आठवा. सगळ्यांवर राख पडते आणि एक लहान पोरगं म्हणतं की आता सगळे सारखेच दिसतात. मला तो शेवट तेव्हाही फुकटचा वाटला होता. राख पुसली की कोण कुठल्या वस्तीत परत जाणार हे त्या शहराला माहीत होतं.

बाळूला मात्र चेहऱ्यांशी घेणंदेणं नाही. त्याने तेव्हापासून हिरोची स्वतःची खूण केली आहे. एक बोट कपाळाला लावायचं आणि मग ते सगळ्यांच्या पुढे न्यायचं. ज्याला आधी कळतं, तो. याच्या पुढे त्याची दुसरी खूण असते, हात आडवा फिरवून, बाकीचे. बाकीच्यांना कधी कळतं? पाणी दारात आल्यावर.

आमच्या आईचा या प्रकारातला एकच सिनेमा, 'द बर्निंग ट्रेन'. १९८०चा, रवी चोप्रांचा. दिल्लीहून मुंबईला निघालेली सुपर एक्सप्रेस, पहिल्याच फेरीत ब्रेक निकामी, मागे आग. आईला तो आवडायचा कारण गाडीत सगळे होते. पंडित, मौलवी, सरदारजी, शाळेची मुलं आणि त्यांची बाई सिमी गरेवाल, मुजरेवाली, चोर, फौजी. मी कॉलेजात गेल्यावर शहाणपणा करायला लागले की आई, हे तोंडी लावण्यापुरते आहेत ग, एकेक नमुना घेतलाय, ताटात लोणचं-चटणी वाढतात तसा. आई म्हणाली, "वाढलं तर आहे ना. तुह्या इंग्रजी सिनेमात तर आपल्याला पंगतीलाच बसवत नाही." यावर मी गप्प. आजही मला वाटतं की दोघींचंही बरोबर होतं. त्या गाडीत मौलवी मौलवीपणाशिवाय काही करत नाही, पण गाडी थांबवायची म्हटली तर ती सगळ्यांची थांबवायची आहे. यादी काढून नाही.

यादीचे सिनेमे वेगळे. 'डीप इम्पॅक्ट'मध्ये दहा लाख माणसं भुयारात वाचवायची असतात. दोन लाख सरकार निवडतं, आठ लाखांची चिठ्ठी निघते आणि पन्नाशीच्या वरच्याला चिठ्ठीतही घेत नाहीत. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते, ते मला रास्त वाटलं होतं. आता बाद आहे, तर मत बदललंय. २०२०च्या 'ग्रीनलँड'मध्ये इंजिनियरच्या कुटुंबाची निवड होते, ते विमानतळापर्यंत पोचतात आणि तिथे कळतं की मुलाला मधुमेह आहे, इन्सुलिन लागतं, म्हणून आत घेणार नाहीत. हा सिनेमा मला या सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. कोणाला मोजायचं आणि कोणाला नाही ते तिथे खिडकीवरचा माणूस तोंडावर सांगतो. मीही खिडकीवर बसते. फॉर्म अपुरा आहे म्हणून म्हातारीला परत पाठवताना कसं वाटतं, आणि दुपारी चारपर्यंत ते वाटणंही कसं बंद होतं, ते मला माहीत आहे.

बाळूने 'ग्रीनलँड' घरी टीव्हीवर पाहिला. विमानतळाच्या सीनशी त्याला घेणं नव्हतं, तो सुरुवातीलाच अडकला. निवड झाल्याचं त्या माणसाला कसं कळतं? फोन वाजतो आणि आवाज सांगतो. बाळूने रिमोटने थांबवलं, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग कानाला. माझा फोन वाजला तर?

आम्ही हसलो. २०२०मध्ये हसलो.

२०२३ला महालक्ष्म्या २२ सप्टेंबरला जेवल्या. बाळू तेव्हा डागा ले-आउटच्या मागे भाड्याने राहायचा, तळमजला, दोन खोल्या. सुनीताने, म्हणजे त्याच्या बायकोने, एकटीने पुरणाचा स्वयंपाक केला होता. तिलाही ऐकू येत नाही. मिनू, त्यांची लेक, तेव्हा नऊ वर्षांची. तिला मात्र चिमणीच्या पायांचाही आवाज येतो. आंबील, कढी, सोळा भाज्या, सगळं झालं, मी रात्री नऊला महालात परत आले. पाऊस नव्हता.

मध्यरात्रीनंतर जो लागला तो तुम्हाला माहीत आहे. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर. अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी, जिला आपण रोज नाला म्हणतो, ती पहाटेच्या आधी घरांत शिरली. वीज गेली.

बाळूला कळलं ते हाताने. त्याला पलंगाच्या कडेवरून हात खाली सोडून झोपायची सवय. बोटांना गार लागलं. आधी वाटलं स्वप्न. मग उठून बसला तर पोटऱ्यांपर्यंत पाणी आणि डोळ्यांसमोर ठार काळोख. हे त्याने मला नंतर सांगितलं, आणि सांगताना पुन्हा पुन्हा एकाच गोष्टीवर येत होता. तुम्हाला अंधारात दिसत नाही. मला अंधारात ऐकूही येत नाही आणि बोलताही येत नाही. कारण बोलणं हातात, आणि हात दिसत नाहीत. सुनीता एक फुटावर होती आणि तिला सांगायला त्याच्याकडे काही नव्हतं. त्याने तिला धरून उभं केलं, पाण्यात, म्हणजे पाणीच तिला सांगेल.

मोबाइलचा टॉर्च मिनूने लावला. मग ती टॉर्च धरणार आणि हे दोघं त्या उजेडात बोलणार, असं चाललं. टॉर्च दुसरीकडे वळला की बोलणं तुटायचं. मुलीला ओट्यावर चढवलं. तिने वर चढताना काय घेतलं तर महालक्ष्म्यांचे मुखवटे. दोन्ही. साड्या नेसवलेल्या उभ्या तशाच होत्या, आणि पाणी त्यांच्या निऱ्यांपर्यंत आलं होतं.

मला पहाटे पाचला मिनूचा फोन आला. "आत्या, पाणी आलं, बाबा म्हणतात घाबरू नको." मागे बाळूचा आवाज ऐकू येत होता. तो घाबरला की घशातून एक आवाज निघतो, त्याला तो माहीत नाही. आम्ही त्याला कधी सांगितला नाही.

उजाडल्यावर होडी आली. सिनेमात सुटकेचा सीन कसा असतो आठवा. सगळे शांत होतात. कोणीतरी हात वर करतो, श्श. ओरडतो, कोणी आहे का? आणि ढिगाऱ्याखालून टकटक ऐकू येते किंवा क्षीण हाक येते, प्रेक्षकांच्या अंगावर काटा येतो. हे सिनेमावाल्यांनी मनाने काढलेलं नाही, शोधाची रीतच तशी आहे, हाक द्यायची आणि कान द्यायचा. आमच्या नागपुरात तर आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमीच आहे. पण हाक मारून पुढे गेलेल्या होडीला बाळूच्या घरातून उत्तर कोण देणार? तो आणि सुनीता मागच्या खोलीत सामान वर चढवत होते, त्यांची पाठ होती. मिनू ओट्यावरून खिडकीपर्यंत पोचून ओरडली म्हणून होडी वळली. ती नसती तर पुढच्या फेरीला आली असती, असं सगळे म्हणतात. आली असती. मी फक्त एवढंच म्हणते की त्या घरात ज्याला आधी कळायचं होतं ते तिसरी-चौथीतलं पोरगं होतं.

त्याच दिवशी शहरात मूकबधिर विद्यालयाच्या मुलांनाही पाण्यातून बाहेर काढलं. बातमीत एक ओळ आली. दिवसभर टीव्हीवर बुडालेल्या मोटारी, मोरभवनच्या स्टँडात पाण्यात उभ्या बसगाड्या आणि वाहून जाणारे फ्रीज. मी त्या एका ओळीवर अडून राहिले. त्या मुलांना झोपेतून कसं उठवलं असेल, अंधारात कोणी कोणाला काय सांगितलं असेल. कोणी म्हणेल यावर सिनेमा काढा. मी म्हणेन, काढाच. पहिली वीस मिनिटं आवाजच नको.

पण आमच्याकडचे प्रलय सिनेमात जात नाहीत. आईचं माहेर नरखेड तालुक्यातलं. ३० जुलै १९९१ला वर्धा नदी तिथल्या मोवाड गावात शिरली, २०४ माणसं गेली. आईची चुलत बहीण त्यात होती. मी मोवाडवरचा एकही सिनेमा पाहिलेला नाही. तिथे पडण्यासारखा टॉवर नव्हता. आणि २३ नोव्हेंबर १९९४, नागपुरात गोवारी समाजाचा मोर्चा, चेंगराचेंगरीत ११४ मेले, बहुतेक बाया आणि लेकरं. आपण रोज त्यांच्या नावाच्या उड्डाणपुलावरून सीताबर्डी ओलांडतो. मोटारीत बसून पूल ओलांडायला दोन मिनिटं लागतात.

बरं, सगळंच वाईट नाही. मल्याळीत '२०१८' आला, २०२३मध्ये, केरळच्या पुरावर. त्यात कोळी आपल्या होड्या घेऊन शहरात येतात, आणि एक अंध माणूस आहे, इंद्रन्सने केलेला, तो गावातला माणूस म्हणून आहे, दया यावी म्हणून ठेवलेला नाही. हिंदीत 'केदारनाथ'चा नायक यात्रेकरूंना पाठीवर वाहणारा मुसलमान पिठ्ठू. छान. पण शेवटी काय होतं? हेलिकॉप्टरमधली जागा तो दुसऱ्यांना देतो आणि स्वतः पुरात जातो. बाळूने हे पाहून कपाळाला हात लावला. म्हणाला, पुन्हा विमान.

आणि बायका? वादळामागे धावणारी शास्त्रज्ञ इंग्रजी सिनेमात १९९६च्या 'ट्विस्टर'पासून आहे. आमच्याकडे राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय नागपुरात १९५७पासून, त्यात पहिली मुलगी शिकायला गेली २००२ला, हर्षिनी कान्हेकर, आपल्या गावची. मी तेव्हा सिव्हिल लाइन्सच्या पोस्टात होते. तिच्याबद्दल काउंटरवर चर्चा व्हायची, पोरगी शिडी कशी चढेल म्हणून. आमच्याच ऑफिसात जिन्याने गठ्ठे वर नेणाऱ्या दोघी बायाच होत्या, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

बाळूला खरा आनंद एकाच सिनेमाने दिला आणि तो मी कधीच निवडला नसता. 'गॉडझिला व्हर्सेस काँग'. माकड आणि पाल शहर मोडतात, मी विणकाम घेऊन बसले होते. त्यात जिया नावाची लहान मुलगी आहे, तिला ऐकू येत नाही. ते काम केलंय केली हॉटल या मुलीने, तिलाही खरोखर ऐकू येत नाही. ती काँगशी खुणांनी बोलते. मोठ्या माणसांना पत्ता नाही की काँगला भाषा येते. जगातली ही बातमी आधी तिला. बाळू उठून टीव्हीजवळ जाऊन बसला. मग डोंगराएवढं ते माकड पावसात भिजत आपल्या बोटांनी एक शब्द करतं. घर.

बाळूने मागे वळून मला विचारलं, जेवण मागतो का हा?

कारण आपल्या खुणांत घर म्हणजे दोन हातांची बोटं टेकवून केलेलं छप्पर. अमेरिकेच्या खुणांत बोटांची चिमूट तोंडाशी आणि मग गालाशी. ती आपल्याला घास घेतल्यासारखी दिसते. मी खालची इंग्रजी अक्षरं वाचून सांगितलं, अरे घरी जायचं म्हणतोय. बाळू हसत सुटला. सुनीताला उठवून आणलं, मागे नेऊन पुन्हा लावलं, पुन्हा हसले दोघं. म्हणे एवढं मोठं जनावर आणि उच्चार चुकीचा. त्या रात्री जेवताना मिनू ताट घेऊन आली तर बाळू तिला काँगसारखं छाती पिटून म्हणाला, घर वाढ.

असा विनोद करायला मिळणं ही मला मोठी गोष्ट वाटते. तोवर पडद्यावरच्या माणसाच्या बोलण्यात आपल्या भावाला चूक काढता आली नव्हती. आपण रोज काढतो, हा हिंदी हिरो मराठी काय बोलतो म्हणून.

आता कागदावर बरंच झालंय. २०२३च्या जानेवारीत 'पठाण'च्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयाने घरी दिसणाऱ्या आवृत्तीत ऐकू न येणाऱ्यांसाठी अक्षरं आणि न दिसणाऱ्यांसाठी वर्णन द्यायला सांगितलं. २०२४च्या मार्चमध्ये केंद्राने चित्रपटगृहांसाठीही नियमावली काढली. २०११च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व असलेले लोक पन्नास लाखांवर मोजले गेलेत, तेवढी तिकिटं कोणाला नको आहेत? मागच्या महिन्यात एका टॉकीजला फोन करून विचारलं, खाली अक्षरं येणारा शो कधी असतो? पोरगा म्हणाला, "मॅडम, इंग्लिश आहे का तुमचं?" म्हटलं, हिंदी सिनेमा, हिंदीच अक्षरं. तो म्हणाला, "हिंदीला हिंदी काहून पाहिजे?" बाळूला हे सांगितलं, त्याने ते 'काहून' माझ्या ओठांवरच वाचलं, आणि आपला तळहात पुढे केला. म्हणजे जुनंच चालू दे.

पुरानंतर त्याने घर बदललं, मानेवाड्याकडे, पहिला मजला. फोन उशीखाली थरथरत ठेवतो. सरकारने आणीबाणीचे संदेश फोनवर पाठवायची चाचणी घेतली होती ना त्याच वर्षी, तेव्हा फोन गुरगुरला तशी उशी हलली आणि तो खूश झाला. पण वीज जाते, चार्जिंग संपतं, त्यावर भरवसा नाही म्हणतो. म्हणून जून ते ऑक्टोबर रात्री झोपताना तो शिवणकामातली सुती नाडी घेतो, एक टोक स्वतःच्या मनगटाला आणि दुसरं मिनूच्या. काही ऐकू आलं तर ओढ.

मिनू आता बारा वर्षांची आहे. परवा माझ्याकडे राहायला आली तेव्हा तक्रार करत होती. "आत्या, मला कूस बदलता येत नाही. मी नुसती वळली तरी बाबा उठून बसतात आणि खाली पाणी पाहतात."